सावकाश शिकणाऱ्यांचा सोबती

पुण्याहून सोलापूरच्या रस्त्यानें इंदापूर गांठावें आणि तेथून अकलूजची वाट धरावी, म्हणजे नीरा ओलांडण्यापूर्वीं बावडा हें गांव लागतें. पुणें जिल्ह्याचें हें अगदीं पूर्वेकडील टोंक. एका अंगास नीरा, दुसऱ्या अंगास भीमा, आणि दोघींचा संगम नरसिंहपूर येथें, गांवापासून फार दूर नाहीं. ज्या तालुक्यानें अवर्षणाचे दिवस पुष्कळ पाहिले, त्याच तालुक्यांत आज कालव्यांच्या आणि विहिरींच्या पाण्यावर ऊंस उभा राहतो, डाळिंबाच्या बागा फुलतात आणि दारोदारीं गाईगुरांची दावण दिसते. पहांटे दुधाचे कॅन डेअरीकडे निघतात. दिवाळीच्या आगेंमागें कारखान्यांचीं धुराडीं पेटतात आणि उंसाच्या गाड्यांची रीघ लागते. हाताला कांहीं ना कांहीं काम सांपडेल, असा हा मुलूख आहे.

तरीसुद्धां अशा मुलखांतील कोणत्याहि गांवांत एखाद्या ओसरीवर वीस-बावीस वर्षांचा एक तरुण दिवसभर बसलेला आढळतो. अंगानें तो धडधाकट असतो. त्याला दोन वेळचें जेवण मिळतें, सणाला नवें कापड मिळतें. त्याला कोणी मारीत नाहीं कीं उपाशी ठेवीत नाहीं. परंतु सकाळीं घरांतलीं सर्व माणसें आपापल्या कामास निघून जातात आणि तो ओसरीवरच राहतो. गांव त्याला 'खुळा' म्हणतें. त्यांत दुष्टपणापेक्षां संवय अधिक असते. आई त्याला अजून 'बाळ' म्हणते. त्यांत मायेबरोबर थोडी निराशाहि असते. त्याच्या बरोबरीचीं मुलें संसाराला लागलीं, आणि त्याला मात्र कोणी दुकानांतून मीठ आणावयासहि पाठवीत नाहीं. या तरुणाला काम करतां येईल काय, आणि येत असेल तर तें त्याला कोणी व कसें शिकवावें, हा प्रस्तुत भाषणाचा विषय आहे.

प्रथम एक घोटाळा दूर केला पाहिजे. बुद्धीची वाढ कमी असणें आणि वेड लागणें या दोन अगदीं भिन्न गोष्टी आहेत. वेड हा मनाचा आजार. तो चांगल्या बुद्धीच्या माणसासहि जडतो आणि औषधोपचारानें पुष्कळदां आटोक्यांत येतो. बुद्धीची उणीव ही जन्मतः किंवा बालपणींच आलेली असते. तिला औषध नाहीं, परंतु शिक्षण आहे. गर्भावस्थेंत किंवा जन्माच्या वेळीं मेंदूस झालेली इजा, गुणसूत्रांतील दोष, लहानपणींचा मेंदूज्वर, अशीं तिचीं अनेक कारणें; कित्येकदां तर कारण सांपडतच नाहीं. पूर्वजन्मींचें पाप किंवा आईनें न पाळलेलें ग्रहण यांचा तिच्याशीं कांहींएक संबंध नाहीं. या उणिवेला पूर्वीं 'मतिमंदत्व' म्हणत. आतां 'बौद्धिक अक्षमता' हा शब्द रूढ होत आहे, आणि तो अधिक सभ्य आहे.

बुद्धि मोजण्याची पहिली व्यवहार्य कसोटी १९०५ सालीं फ्रान्समध्यें आल्फ्रेड बिने यांनीं आपल्या सहकाऱ्यासह तयार केली. पॅरिसच्या शाळांतून मागें पडणारीं मुलें ओळखावीं आणि त्यांना त्यांच्या सोयीचें शिक्षण द्यावें, हा तिचा हेतु होता. त्यांना शाळेबाहेर काढण्याचा नव्हता. आपल्याकडे डॉ. व्ही. व्ही. कामत यांनीं त्या कसोटीला मराठी व कानडी मुलांस लागू पडेल असें रूप दिलें, आणि त्यांचा त्याविषयींचा ग्रंथ १९४० सालीं प्रसिद्ध झाला. बिने-कामत कसोटी या नांवानें ती पुढें देशभर वापरांत आली. तथापि अलीकडे केवळ बुद्ध्यंकावरून माणसाची पारख करीत नाहींत. बुद्ध्यंक सत्तरांच्या खालीं आहे एवढें कळून भागत नाहीं. त्याला कपडे स्वतः घालतां येतात काय, पैसे ओळखतां येतात काय, रस्ता सांपडतो काय, तहान लागली तर सांगतां येतें काय, हेंहि पहावें लागतें. असें पाहूं गेल्यास बहुसंख्य व्यक्तींची उणीव सौम्य असल्याचें दिसून येतें. मेंदूस फारच मोठी इजा झालेल्यांची संख्या थोडी. परंतु समाज त्या थोड्यांकडे पाहून सर्वांविषयींचें मत ठरवितो, आणि तेथेंच पहिला अन्याय घडतो.

२०११ च्या शिरगणतींत आपल्या देशांत या प्रकारच्या सुमारें १५ लाख व्यक्तींची नोंद झाली. त्याच शिरगणतीप्रमाणें एकंदर अपंगांची संख्या सुमारें २ कोटि ६८ लाख, आणि त्यांपैकीं सुमारें १ कोटि ८६ लाख खेड्यांत राहणारे. शहरांतील सुशिक्षित मनुष्य या प्रश्नाचा विचार करूं लागला म्हणजे त्याच्या डोळ्यांपुढें एखादी इमारत, एखादी संस्था, एखादी खास शाळा उभी राहते. तें योग्यच आहे. परंतु आंकडे असें सांगतात कीं, हा प्रश्न मुख्यतः बावड्यासारख्या गांवांचा आहे, आणि गांवोगांव इमारती उभ्या राहणें शक्य नाहीं. गांवाला झेपेल असा दुसरा कांहीं मार्ग आहे काय, हें पाहिलें पाहिजे.

त्यापूर्वीं शिक्षणाच्या इतिहासांतील एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. माँटेसरी पद्धतीचें नांव आज शहरांतील घरोघरीं ठाऊक आहे, आणि ताराबाई मोडकांसारख्यांच्या परिश्रमानें बालशिक्षणाचा तो विचार महाराष्ट्रांत रुजला. परंतु १९०७ सालीं रोम शहरांत आपलें पहिलें बालगृह उघडण्याच्या अगोदर मारिया माँटेसरी या बुद्धीनें उण्या असलेल्या मुलांना शिकवीत होत्या, आणि त्यासाठीं त्यांनीं सेगँ या फ्रेंच शिक्षकाच्या साधनांचा व लेखनाचा अभ्यास केला होता, हें थोड्यांस माहीत असतें. हातानें चांचपून ओळखण्याच्या वस्तु आणि खांचेंत नेमके बसणारे आकार हुशार बालकांच्या हातीं येण्याआधीं, 'यांना कांहीं येणार नाहीं' म्हणून बाजूस सारलेल्या मुलांच्या हातांत दिले गेले होते. शहरांतील बालवर्गांवर या मुलांचें ऋण आहे, असें म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं.

महाराष्ट्रांत हें काम आईबापांनीं व शिक्षकांनीं हातीं घेतलें. मुंबईस १९४४ सालीं डॉ. होरमसजी वकील व त्यांच्या पत्नी दिनाबाई यांनीं, आपली मुलगी जय हिच्यासाठीं योग्य शाळा कोठेंच नाहीं हें पाहून, शाळा सुरू केली. ती आज तिच्याच नांवानें ओळखली जाते. पुण्यांत १९६४ सालीं सिंधुताई जोशी यांच्या पुढाकारानें 'कामायनी' निघाली. नाशिक येथें १९७७ सालीं रजनी लिमये यांनीं 'प्रबोधिनी'चा पाया घातला. त्या स्वतः शिक्षिका, आणि त्यांचा मुलगा अशा मुलांपैकीं एक. या संस्थांनीं एक गोष्ट लवकरच अनुभवली. शाळा मुलाला सांभाळते, अक्षरें व शिस्त शिकविते. परंतु मूल अठरा वर्षांचें झालें म्हणजे शाळेचें दार मागें बंद होतें आणि पुढें ओसरी उरते. म्हणून शाळेला जोडून उद्योगकेंद्रें काढावीं लागलीं. मेणबत्त्या, कागदी पिशव्या, पणत्या, भेटकार्डें, खाद्यपदार्थ, अशा वस्तु तेथें होऊं लागल्या. मुंबईस १९९१ सालीं 'ओम क्रिएशन्स' ही संस्था मोठ्या मुलींच्या हस्तकौशल्यासाठीं स्थापन झाली, आणि २०१८ सालीं जुहू येथें 'अर्पण' हें उपाहारगृह उघडलें, जेथें असेच तरुण गिऱ्हाइकांची मागणी घेतात व पदार्थ आणून देतात. तेथें गिऱ्हाईक आणि वाढणारा समोरासमोर येतात. हा लाभ कार्यशाळेच्या बंद खोलींत मिळत नाहीं.

काम करण्याची पात्रता या लोकांत खरोखर असते काय, याची परीक्षाहि झालेली आहे. इंग्लंडांत १९५० नंतरच्या दशकांत टिझर्ड, ओकॉनर, क्लार्क इत्यादि मानसशास्त्रज्ञांनीं, मोठमोठ्या आश्रयगृहांत वर्षानुवर्षें रिकाम्या बसलेल्या प्रौढांना पुठ्ठ्याचीं खोकीं जुळविण्यासारखीं कामें देऊन पाहिलीं. पहिल्या दिवसांत त्यांचा वेग इतका कमी होता कीं, कोणीहि कारखानदार त्यांना परत पाठविता. परंतु सराव चालू ठेवल्यावर वेग वाढत गेला, आणि पहिल्या आठवड्यावरून बांधलेला अंदाज साफ चुकीचा ठरला. पुढें १९७० च्या सुमारास अमेरिकेंत मार्क गोल्ड यांनीं तीव्र उणीव असलेल्या व्यक्तींना सायकलच्या ब्रेकचे सुटे भाग जुळविण्यास शिकविलें. त्यांची पद्धत अशी कीं, काम लहान लहान पायऱ्यांत फोडावयाचें, तोंडानें थोडें बोलावयाचें, हातानें अधिक दाखवावयाचें, आणि चुकलें तर विद्यार्थ्याला दोष न देतां शिकविण्याची रीत बदलावयाची.

या दोन प्रयोगांतून जें निघालें, तेंच या विषयाचें सार आहे. अशा तरुणाला शिकावयास वेळ लागतो. परंतु शिकावयास लागलेला वेळ आणि शिकल्यानंतरचें काम, या दोन गोष्टी वेगळ्या मोजल्या पाहिजेत. ज्याला एखादें काम शिकण्यास तीन महिने लागले, तो तें पुढें तीस वर्षें नीट करूं शकतो. आपण तिसऱ्या दिवशींच 'याला जमत नाहीं' असें म्हणून मोकळे होतों.

दुसरीहि एक गोष्ट अनुभवानें कळली. आधीं केंद्रांत पुष्कळ वर्षें तयारी, आणि तयारी पुरी झाली म्हणजे नोकरी, असा क्रम पूर्वीं होता; त्या तयारीला अंतच येत नसे. शिवाय एका जागीं शिकलेलें दुसऱ्या जागीं नेणें, हीच गोष्ट या तरुणांना अवघड जाते. मेणबत्ती करावयास शिकलेला हात डेअरींतील कॅन धुण्यास आपोआप तयार होत नाहीं. म्हणून १९८० नंतर परदेशांत क्रम उलटा करण्यांत आला: आधीं खऱ्या कामाची खरी जागा पहावयाची, आणि तेथेंच, त्याच माणसांत, त्याच अवजारांनीं शिकवावयाचें. यासाठीं त्याच्याबरोबर कोणीतरी एक मनुष्य कांहीं काळ उभा राहावा लागतो. त्याला कोणी मार्गदर्शक म्हणतील. मराठींत 'सोबती' हा शब्द अधिक गोड आहे आणि अधिक अचूकहि आहे.

हा सोबती बावड्यासारख्या गांवीं कसा काम करील, हें समजण्यासाठीं एक कल्पित उदाहरण घेऊं. ओसरीवरचा तो तरुण घ्यावा, आणि सोबती म्हणून गांवांतीलच एक सेवानिवृत्त गुरुजी घ्यावे. गुरुजींनीं पहिल्या दिवशीं कामाची गोष्ट काढूंच नये. त्यांनीं आठ-पंधरा दिवस नुसतें पहावें. हा मुलगा कोणी न सांगतां काय करतो? गाई परत आल्या कीं उठून दावें धरतो काय? वस्तु ओळीनें लावून ठेवण्याची त्याला आवड आहे काय? गडबड, मोठा आवाज त्याला सोसतो काय? सकाळीं तो ताजा असतो कीं दुपारीं? त्याची आई हें सर्व जाणते, परंतु तिला आजवर कोणी विचारलेलें नसतें. गुरुजींनीं तिला 'वहिनी, याला काय येत नाहीं तें राहूं द्या; काय येतें तें सांगा' असें म्हटलें, तर ती प्रथम गोंधळेल आणि मग पुष्कळ सांगेल.

समजा, या मुलाला मातींत हात घालण्याची आणि ओळी लावण्याची आवड दिसली. या मुलखांत उंसाची रोपें तयार करणाऱ्या रोपवाटिका आहेत. उंसाचा एक एक डोळा कापून तो खांचे असलेल्या ट्रेमध्यें लावतात आणि रोप वाढलें म्हणजे शेतांत नेतात. गुरुजी रोपवाटिकेच्या मालकाकडे गेले, तर तो म्हणेल, 'गुरुजी, तुमचा शब्द मोडवत न्हाई, पर ह्याला काय जमायचं? तुम्हीच सांगा.' येथें दयेची याचना करूं नये. 'महिनाभर मी त्याच्याबरोबर उभा राहतों. त्याचें जें काम होणार नाहीं तें मी भरून देईन. महिन्यानें तुम्हीच ठरवा,' असें बोलणें हें या व्यवहारांत अधिक योग्य. आणि गुरुजींनीं तरुणाला नेण्यापूर्वीं दोन-तीन दिवस तें काम स्वतः करून पहावें. जें काम आपण केलेलें नाहीं, त्याच्या पायऱ्या आपणांस पाडतां येत नाहींत.

पायऱ्या पाडावयाच्या म्हणजे काय? आपण म्हणतों, 'ट्रे भर.' परंतु या दोन शब्दांत ट्रे उचलणें, सपाट जागीं ठेवणें, खांचे अर्धे भरणें, एका खांच्यांत एक डोळा ठेवणें, डोळ्याची बाजू वर करणें, वरून भर घालणें, हातानें हलकें दाबणें आणि भरलेला ट्रे सावलींत नेऊन ठेवणें, इतक्या गोष्टी लपलेल्या आहेत. यांतील सहा गोष्टी त्याला पहिल्याच दिवशीं येतील आणि दोनच अडतील. त्या दोन कोणत्या, हें कळलें म्हणजे 'याला जमत नाहीं' हें वाक्य संपलें आणि 'याला डोळ्याची बाजू कळत नाहीं' हें वाक्य सुरू झालें. पहिल्या वाक्यावर उपाय नाहीं, दुसऱ्यावर आहे. कांहीं वेळां शेवटची पायरी आधीं शिकविणें हितावह ठरतें: सात पायऱ्या गुरुजींनीं कराव्या आणि भरलेला ट्रे सावलींत ठेवण्याची आठवी त्यानें करावी, मग सातवी आणि आठवी. अशानें प्रत्येक वेळीं काम पुरें झाल्याचें समाधान त्याच्या वांट्यास येतें.

मोजणें हा पुष्कळांच्या वाटेंतील धोंडा असतो. परंतु पुष्कळ ठिकाणीं मोजण्याचें काम वस्तूकडूनच करून घेतां येतें. ट्रेमधील सर्व खांचे भरले म्हणजे संख्या पुरी झालीच. त्याला आंकडा येण्याची गरज नाहीं. दहा-दहा वस्तूंच्या जुड्या बांधावयाच्या असतील तर एका फळीवर दहा खिळे ठोकावे. प्रत्येक खिळ्यापाशीं एक वस्तु ठेवली कीं जुडी झाली. डाळिंबें लहान-मोठीं निवडावयाचीं असतील तर दोन मापांचीं कडीं पुरतात: जें लहान कड्यांतून गेलें तें या क्रेटमध्यें, जें मोठ्यांतूनहि गेलें नाहीं तें त्या क्रेटमध्यें. घड्याळ समजत नसेल तर कामाच्या क्रमाचीं चित्रें भिंतीवर लावावीं. या युक्तींत लाजण्यासारखें कांहीं नाहीं. सुशिक्षित मनुष्यहि दूरध्वनीचे क्रमांक वहींत लिहून ठेवतो. तीहि आठवणीला दिलेली काठीच होय.

सोबत्याची खरी परीक्षा मात्र पुढें आहे, ती म्हणजे बाजूस होण्याची. पहिल्या आठवड्यांत त्यानें हाताला हात लावून शिकवावें. दुसऱ्यांत नुसती खूण करावी. पुढें जवळ उभें रहावें पण बोलूं नये. त्यापुढें मळ्याच्या कडेस बसावें. शेवटीं दिवसांतून एकदां फेरी मारावी. जो सोबती कधींच बाजूस होत नाहीं, तो मदत करीत नसून दुसरी ओसरी तयार करीत असतो. आणि बाजूस होण्यापूर्वीं त्यानें आपली जागा दुसऱ्या कोणास तरी दिली पाहिजे. मळ्यावर काम करणारा एखादा समंजस गडी किंवा एखादी वडीलधारी बाई त्या तरुणाकडे लक्ष ठेवूं लागली, 'अरे, पाणी पिलास का?' असें आपणहून विचारूं लागली, म्हणजे गुरुजींचें काम फळास आलें असें समजावें.

कामाबरोबर समाजांतील वागणूक येते. वेळेवर निघणें, एस्. टी. तून जाणें, रस्ता ओलांडणें, मालकाला नमस्कार करणें, 'मला समजलें नाहीं' असें म्हणणें, आणि नको असेल तेथें 'नको' म्हणणें, हींहि कामाचींच अंगें आहेत. यांतील शेवटचें सर्वांत महत्त्वाचें. आजवर त्याला 'ऐक' एवढेंच शिकविलेलें असतें. ऐकण्याची ही संवय त्याला कोणाच्याहि फसवणुकीस बळी पाडूं शकते. म्हणून कोणी अंगास हात लावला, पैसे मागितले, कोठें चल म्हटलें, तर नकार देऊन घरीं सांगावयाचें, हा पाठ ट्रे भरण्याइतकाच सावकाश व तितक्याच वेळां द्यावा लागतो. मुलींच्या बाबतींत ही भीति आईबापांना अधिक वाटते आणि त्यामुळें त्यांना घराबाहेर पडूंच दिलें जात नाहीं. भीति खोटी नाहीं; परंतु जी मुलगी चार विश्वासू बायकांबरोबर कामास जाते आणि जिला 'नको' म्हणतां येतें, ती दिवसभर एकटी घरांत असणाऱ्या मुलीपेक्षां अधिक सुरक्षित असते.

मजुरीच्या प्रश्नावर स्पष्ट बोलणें जरूर आहे. 'काम मिळालें हेंच पुष्कळ, पैसे कशाला?' असें बोलणारे भले लोकहि आढळतात. काम जर खरें असेल तर मोबदलाहि खरा असला पाहिजे. वेग कमी असेल तर झालेल्या कामाचा प्रामाणिक हिशेब करावा. परंतु चहा-भाकरीवर वर्षानुवर्षें राबवून घेणें हें उपकाराच्या नांवाखालीं केलेलें शोषण आहे. आणि पैसे त्याच्या हातांत द्यावे. त्यानें आठवड्याच्या बाजारांत स्वतःच्या पैशांनीं आईसाठीं केळीं आणलीं, म्हणजे घराचें त्याच्याकडे पाहणें ज्या रीतीनें बदलतें, तें कोणत्याहि व्याख्यानानें बदलत नाहीं. त्या दिवसानंतर त्याला 'बाळ' म्हणणें घरच्यांनाहि थोडें अवघड वाटूं लागतें.

कायदाहि आतां पाठीशीं आहे. १९८४ सालीं सिकंदराबाद येथें या विषयाची राष्ट्रीय संस्था निघाली, आणि शिकविण्याच्या पद्धतींचा व शिक्षकांच्या तयारीचा मोठा भाग तेथून देशभर पसरला. २०१६ च्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या कायद्यानें सरकारी नोकऱ्यांत चार टक्के जागा राखून ठेवल्या. त्यांतील एक टक्का बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता, मानसिक आजार इत्यादि मिळून असलेल्या गटासाठीं आहे. परंतु बावड्याच्या तरुणाला सरकारी कचेरींतील जागा क्वचितच मिळणार. त्याची खरी आशा मळा, डेअरी, दुकान, गिरणी, रोपवाटिका आणि फार तर बारामतीच्या औद्योगिक वसाहतींतील एखादा कारखाना, हींच आहे. तेथें कायदा दार उघडूं शकतो; आंत शेजारीं उभा राहूं शकत नाहीं. त्यासाठीं माणूसच लागतो.

या मार्गाच्या मर्यादाहि आहेत. प्रत्येक तरुण मजुरी करूं शकेल असें नाहीं. ज्यांना उठण्याबसण्यासहि दुसऱ्याचा हात लागतो, त्यांच्याकडून उत्पन्नाची अपेक्षा करणें निर्दयपणाचें होईल, आणि माणसाची किंमत त्याच्या मजुरीवर ठरविणें तर त्याहून वाईट. परंतु गाईला चारा टाकणें, देवापुढें दिवा लावणें, पंगतींत पानें मांडणें, असें घरांतील एखादें काम ज्याच्या नांवावर आहे, त्याला घरांत स्थान असतें. कोणाला किती येईल हें आधीं ठरवितां येत नाहीं; शिकवून पाहिल्यावरच कळतें. म्हणून दार सर्वांसाठीं उघडें ठेवून आंत कोण किती येतो हें पहावें. दारांतच चाळण लावूं नये.

आतां शेवटचा प्रश्न, जो अशा प्रत्येक घरांत रात्रीं दिवा मालवल्यावर आईबापांच्या मनांत उभा राहतो: आमच्यामागें याचें काय? याच चिंतेपोटीं बदलापूर येथें पालकांनींच एकत्र येऊन 'आधार' ही प्रौढ मुलांच्या कायमच्या निवासाची संस्था उभी केली. १९९९ च्या राष्ट्रीय न्यासाच्या कायद्यानें, जिल्हाधिकाऱ्यांच्या पातळीवरील समितीकडून अशा प्रौढ व्यक्तीसाठीं पालक नेमण्याची सोय केली. या दोन्ही सोयी मोलाच्या आहेत, आणि प्रत्येक कुटुंबानें आईबाप हयात असतांनाच त्यांची चौकशी करून ठेवणें शहाणपणाचें आहे. शेत नांवावर करून ठेवणें, बँकेंत ठेव ठेवणें हेंहि योग्यच. परंतु ज्याला घराबाहेर कोणी ओळखत नाहीं, त्याचें शेत आणि त्याची ठेव सांभाळणार कोण? पैसा माणसाला राखीत नाहीं. पैशाला राखावयास माणसें लागतात.

येथें सोबत्याच्या कामाचा दुसरा आणि अधिक खोल अर्थ लक्षांत येतो. तो तरुणाला केवळ ट्रे भरावयास शिकवीत नाहीं. तो त्याला गांवाच्या व्यवहारांत एक जागा मिळवून देतो. ओसरीवर बसलेल्या मुलाला त्याच्या आईबापांखेरीज कोणीच नाहीं. तो महिनाभर दिसला नाहीं तरी गांवाचें कांहीं अडत नाहीं. परंतु रोपवाटिकेवर जाणाऱ्या तरुणाला मालक ओळखतो, गडी ओळखतात, एस्. टी. चा कंडक्टर ओळखतो, चहावाला ओळखतो. असे दहा लोक त्याच्या नित्याच्या मार्गावर असतात, आणि त्यांपैकीं एखादा तरी त्याच्यामागें खंबीरपणें उभा राहतो.

शहरांतील सुशिक्षित घरांना यांत करण्यासारखें पुष्कळ आहे. आपल्या दुकानांत, कचेरींत, छापखान्यांत, सहकारी सोसायटींत असें एक काम शोधणें, जें रोज होतें आणि ज्याच्या पायऱ्या पाडतां येतात. एका तरुणासाठीं तीन महिने थांबण्याची तयारी ठेवणें. सेवानिवृत्त झालेल्यांनीं आठवड्यांतील कांहीं तास एकाच तरुणाला, पण नेमानें, देणें. आणि गांवीं जाणें-येणें असेल तर तेथील ओसरीवर बसलेल्या मुलाशीं त्याच्या आईच्या मध्यस्थीवांचून, त्याच्या नांवानें हांक मारून, चार शब्द बोलणें. यांतील एकाहि गोष्टीस मोठा निधि लागत नाहीं. वर्गणी देणें यापेक्षां सोपें आहे, आणि म्हणूनच बहुधा आपण वर्गणीच देतों.

रोपवाटिकेवरचा तो तरुण एखाद्या सकाळीं तापानें निजून राहिला, आणि दुपारीं मळ्यावरचा गडी सायकल भिंतीला टेकवून ओसरीशीं येऊन 'आज पोरगं आलं न्हाई, बरं हाय ना?' असें विचारूं लागला, तर त्याच्या आईला आपल्या प्रश्नाचें अर्धें उत्तर मिळालें. उरलेलें अर्धें गांवानें द्यावयाचें आहे.